कर्तरी, कर्मणी आणि नोकरी

"मी नोकरी शोधतोय." शाळेत व्याकरणाच्या तासाला बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं असतं, तर मागच्या बाकावरच्यानंही उत्तर दिलं असतं. कर्ता मी, कर्म नोकरी, प्रयोग कर्तरी. दोन मार्क खिशात.

हल्ली मात्र मला या वाक्याची शंका यायला लागली आहे. एखादा पोरगा साइटवर बायोडेटा चढवतो आणि फोन कधी वाजतो याची वाट बघत बसतो. यात शोधतंय कोण? तो तर नाही. शोधणारा तिकडे कुठल्यातरी ऑफिसात बसलाय. त्याच्यासमोर स्क्रीनवर एक चौकोन आहे, त्यात तो चार शब्द टाइप करतो, आणि आपला पोरगा एकतर सापडतो किंवा सापडत नाही. कर्त्याचं कर्म कधी झालं हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

ही उलथापालथ एका दिवसात झालेली नाही. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझी नजर साहजिकच यंत्राकडे आधी जाते. पण या गोष्टीची सुरुवात यंत्राच्या कितीतरी आधी आहे. तेव्हा थोडं मागे जाऊ.

आपल्या आधीच्या पिढीला "एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवलंस का?" हा प्रश्न निकालाच्या दिवशीच विचारला जायचा. ही एक्स्चेंज म्हणजे रोजगार विनिमय केंद्रं मुळात आपल्यासाठी नव्हतीच. जुलै १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना काम मिळवून द्यायला सरकारनं ती यंत्रणा उभी केली. मग फाळणी झाली आणि निर्वासितांची भर पडली. १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली, आणि १९५६ मध्ये रोजचा कारभार राज्यांकडे आला.

आता यातली मेख बघा. १९५९ साली कायदा झाला. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापना यांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत, असं त्यात होतं. वाचायला किती छान! पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात पुढे असंही लिहिलं होतं की, जागा कळवली म्हणून एक्स्चेंजमार्फतच माणूस घेतला पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे कळवणं सक्तीचं, घेणं ऐच्छिक. गावोगावच्या पोरांनी रांगेत उभं राहून कार्डं काढली, मुदत संपली की नूतनीकरण केलं, आणि खासगी कंपन्यांनी फॉर्म भरून पाठवून दिले. दोन्हीकडची कागदपत्रं अगदी चोख. नोकरी तेवढी मधल्यामध्ये राहिली.

सरकारी खात्यांचा प्रकार वेगळा. तिथे कित्येकदा एक्स्चेंजनं पाठवलेल्या नावांपुरतंच बघायचे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका प्रकरणात सांगितलं की, एक्स्चेंजकडून नावं मागवाच, पण त्याबरोबर वर्तमानपत्रातही जाहिरात द्या आणि जे थेट अर्ज करतील त्यांचाही विचार करा. जागा निघाली आहे हेच ज्याला कळलं नाही त्याला समान संधी मिळाली असं कसं म्हणायचं, असा तो सरळ विचार होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नोकरीच्या बाजारातली पहिली अडचण लायकीची नसते. ती कळण्याची असते.

कळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे छापील जाहिरात. 'रोजगार समाचार' साप्ताहिक १९७६ पासून सुरू झालं. इंग्रजी पेपरांच्या नोकरीविषयक पुरवण्या आल्या, त्यांचा वार ठरलेला असायचा आणि त्या दिवशी वाचनालयात तो पेपर मिळवायला झटापट व्हायची. जाहिरात कापायची, बायोडेटा टाइप करून आणायचा, साक्षांकित प्रती जोडायच्या, लागला तर डीडी काढायचा, आणि पाकीट रजिस्टर्ड पोस्टानं रवाना. एका अर्जाला अर्धा दिवस आणि बऱ्यापैकी पैसे जायचे. म्हणून माणूस विचार करून अर्ज करायचा. तिकडे उघडणाऱ्यालाही हे माहीत असायचं की पाकीट पाठवणाऱ्यानं निदान जाहिरात पूर्ण वाचली आहे. या गैरसोयीत एक चाळणी आपोआप बसलेली होती. तेव्हा कुणाला ती चाळणी वाटली नाही, ती गेल्यावर कळलं.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण इंटरनेटवरचा पुढचा अध्याय तिथे सुरू होतो. वर्ल्ड वाइड वेबच्या आधी यूजनेट नावाची जागा होती, विषयवार गटांत मजकूर टाकायची. त्यात 'मिस्क डॉट जॉब्स डॉट ऑफर्ड' अशा नावाचे गट होते. जागा असेल त्यानं लिहायचं, हवी असेल त्यानं वाचायचं. वाचणारे बहुतेक विद्यापीठातले आणि संगणकवाले. १९९२ मध्ये बिल वॉरन यांनी काही कंपन्यांना एकत्र आणून 'ऑनलाइन करिअर सेंटर' काढलं. १९९४ मध्ये बॉस्टनजवळ जाहिरात संस्था चालवणाऱ्या जेफ टेलर यांनी 'मॉन्स्टर बोर्ड' सुरू केलं. १९९९ मध्ये या दोन्ही साइट एकत्र होऊन मॉन्स्टर डॉट कॉम झालं. नाव 'बोर्ड' होतं ते उगाच नाही. कल्पना फलकाचीच होती: भिंतीवर चिठ्ठी लावा, येणारा-जाणारा वाचेल. अजून तरी शोधणारा उमेदवारच होता. कर्तरी प्रयोग शाबूत.

आपल्याकडची गोष्ट जास्त रंजक आहे. अहमदाबादच्या आयआयएममधून बाहेर पडलेले संजीव बिखचंदानी हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंगला होते. ऑफिस मोकळं, मधे भिंती नाहीत, त्यामुळे कोण काय करतंय ते दिसायचं. त्यांनी पाहिलं की 'बिझनेस इंडिया'चा अंक आला की सगळे तो मागून वाचायला सुरू करतात. मागच्या पानांवर नोकरीच्या जाहिराती असायच्या ना! यातले कुणीही नोकरी सोडायला निघालेले नव्हते. तरी बघायचे. शिवाय मध्यस्थांचे फोन यायचे, कुठेही न छापलेल्या जागांसाठी. बिखचंदानींच्या लक्षात आलं की नोकऱ्यांची माहिती भरपूर आहे, पण ती तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली आहे. ती एका ठिकाणी आणली तर?

१९९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९९६ मध्ये दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिलं. सर्व्हर भारतात परवडत नव्हता, तेव्हा अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या भावाला सांगून तिथे भाड्यानं घेतला. वर्तमानपत्रं विकत आणून त्यातल्या जाहिराती टाइप केल्या, आणि १९९७ च्या वसंतात साधारण हजार नोकऱ्यांनिशी नोकरी डॉट कॉम सुरू झालं. त्या वेळी देशात इंटरनेटची खाती हजारांत मोजावी इतकीच होती! व्हीएसएनएलनं जनतेसाठी सेवा सुरू करून (१५ ऑगस्ट १९९५) जेमतेम दीड वर्ष झालं होतं. एप्रिल २००० मध्ये आयसीआयसीआय व्हेंचरनं सुमारे सव्वासात कोटी रुपये गुंतवले. त्याच सुमारास अमेरिकेत डॉट कॉमचा फुगा फुटायला लागला होता. ते पैसे त्यांनी जपून वापरले आणि गावोगाव विक्री करणारी माणसं नेमली. २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

विक्री करणारी माणसं नेमली, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. विकत काय होते? आणि कुणाला?

उमेदवाराला मूळ सेवा फुकट होती आणि आहे. पैसे कंपन्या देतात. सुरुवातीला ते जाहिरात लावण्याचे होते. पण फुकट नाव नोंदवणारे वाढले, लाखांनी बायोडेटे जमा झाले, आणि मग जाहिरातीपेक्षाही मोलाची वस्तू तयार झाली: तो साठाच. कंपनीनं वर्गणी भरायची, साठ्यात हवं ते शोधायचं आणि हव्या त्या माणसाला फोन करायचा. जाहिरात द्यायची गरजच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबल तेच, फक्त क्वेरी उलटी झाली. आधी माणसं नोकऱ्यांच्या यादीला प्रश्न विचारत होती. आता नोकऱ्या माणसांच्या यादीला विचारू लागल्या. कर्मणी प्रयोग सुरू!

यात कुणी लबाडी केली असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. धंदा म्हणून हे सरळ आहे. आमच्या क्षेत्रात मात्र एक गोष्ट अनुभवानं कळते: ज्याच्या खिशातून पैसे येतात त्याच्या तक्रारी आधी सोडवल्या जातात. शोधणाऱ्या कंपनीला गाळण्या हव्यात? या घ्या. किती वर्षांचा अनुभव, कुठलं गाव, पगार किती, नोटीस पिरियड किती, बायोडेटा शेवटचा कधी बदलला, सगळ्याची गाळणी. सापडू न शकलेला माणूस मात्र कधी तक्रारच करत नाही. करणार कशी? आपण गाळले गेलो हे त्याला कळतच नाही.

लोक हुशार असतात, त्यांनी आपापले तोडगे काढले. ताजे बायोडेटे वर दिसतात हे लक्षात आल्यावर रोज सकाळी एक स्वल्पविराम घालायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा, हा उद्योग कित्येकांनी केला आहे. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे बायोडेटात पेरणं हा दुसरा. तुम्ही 'डेटाबेसचं काम' असं लिहिलंत आणि समोरच्यानं 'ऑरॅकल' टाइप केलं, तर दहा वर्षांचा अनुभव असूनही तुम्ही त्या यादीत नाही. माणूस वाचणारा असता तर समजून घेतलं असतं. साधी अक्षरं जुळवणारं यंत्र फक्त जुळतं का ते बघतं.

पण थांबा. "जुनं ते सोनं" असा सूर मला लावायचा नाही, कारण जुनं सोनं नव्हतं. सुखदेव थोरात (हे मूळचे आपल्या अमरावती जिल्ह्यातले) आणि पॉल अॅटेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, फरक फक्त नावाचा: काही नावं उच्चवर्णीय वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पाकीट माणूसच उघडत होता, आणि त्यानं आधी आडनाव वाचलं.

२००९ मध्ये आणखी एक अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा, दिल्ली परिसरातला. तशीच पद्धत, पण जागा सॉफ्टवेअरच्या आणि कॉल सेंटरच्या. सॉफ्टवेअरच्या जागांमध्ये जातीवरून फरक केल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. कॉल सेंटरमध्ये काही गटांबाबत फरक दिसला. कौशल्य मोजायला सोपं असेल तिथे नावाकडे बघायची गरज कमी पडते, असा अर्थ यातून काढता येतो. म्हणजे लातूर-नांदेडकडच्या कॉलेजातून आलेल्या, पुण्यात कुणी काका-मामा नसलेल्या पोराला, शब्द जुळवणाऱ्या मुक्या यंत्रानं एखादं दार उघडून दिलं असेल हे शक्य आहे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ईमेल बघणाऱ्या त्या पिढीसाठी ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. अडचण 'कळण्याची' होती आणि ती खरोखर सुटली होती.

मात्र ती सुटली तशी दुसरी उभी राहिली: मोजण्याची. अर्ज करायला अर्धा दिवस लागायचा तो एका क्लिकवर आला, मग अर्ज करणारा थांबेल कशाला? पन्नास ठिकाणी पाठवतो. सगळेच पन्नास ठिकाणी पाठवतात. सरकारी बाजूचं उदाहरण घ्या. २०२३ च्या महाराष्ट्रातल्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. तिथे तर अर्ज फुकटही नव्हता. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होतं. मग जिथे शुल्क नाही, तिथे काय होत असेल?

एवढे अर्ज कुणी माणूस वाचू शकत नाही. म्हणून चाळणीचं कामही यंत्राकडे गेलं. अॅमेझॉनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यांनी २०१४ पासून बायोडेट्यांना गुण देणारं यंत्र बनवायला घेतलं. शिकवायला दिले आधीच्या दहा वर्षांत आलेले बायोडेटे, ते बहुतेक पुरुषांचे. यंत्रानं इमानदारीत तोच धडा घेतला, आणि 'महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान' अशा उल्लेखांचे गुण कापायला लागलं. शेवटी त्यांनी तो प्रकल्प बंद केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्सनं ही बातमी दिली. म्हणजे आडनाव वाचणाऱ्या माणसाला बाहेर काढून आपण यंत्र बसवलं, आणि यंत्र शिकलं त्याच माणसाकडून.

२०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अटींत शब्दशः बसत नाहीत म्हणून उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही चाळणीत गळतात, हे ८८ टक्के मालकांनी स्वतःच मान्य केलं. जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असलेले बायोडेटे बाजूला काढत होत्या. आता आपल्या आजूबाजूला बघा. सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड कुणाच्या बायोडेटात असतो? बाळंतपणानंतर मूल जरा मोठं होईपर्यंत घरी थांबलेल्या बाईच्या. सासू-सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडलेल्या बाईच्या. त्या गाळणीवर कुठेही 'बायका नकोत' असं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही. कोडमध्ये ती एक ओळ असते. ती लिहिताना आमच्यापैकी कुणाच्याही मनात वाईट हेतू नसतो, आणि तरी ती ओळ रोज तेच करत राहते.

मग शहाणा माणूस काय करतो? ओळख काढतो! फिरून आपण तिथेच. गंमत म्हणजे याचाही इतिहास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकत्याच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ही जागा तुम्हाला कळली कुणाकडून? १९७३ मध्ये त्यानं उत्तर छापलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहातल्या साधारण एकालाच ती रोजच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीतरी भेटणाऱ्या, किंवा जवळजवळ संबंध तुटलेल्या लोकांकडून. कारण सोपं आहे. आपल्या जिवलग मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइननं या लांबच्या ओळखींचीच वही केली. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा निष्कर्ष आला: मध्यम-लांबच्या ओळखी सर्वांत उपयोगी. पन्नास वर्षांनी ग्रॅनोव्हेटर बऱ्याच अंशी बरोबर ठरला.

ओळख आणि वशिला यात फरक आहे, हे इथे सांगायला हवं. वशिला म्हणजे तुमच्या ऐवजी दुसऱ्याचं वजन. ओळख म्हणजे "अमुक ठिकाणी जागा आहे, अर्ज कर" एवढा निरोप, आणि फार तर "याचा बायोडेटा एकदा उघडून वाचा" एवढी विनंती. पण ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी शिकलं आहे, त्याच्याकडे अशा लांबच्या ओळखी येणार कुठून? म्हणजे ज्याच्यासाठी हे यंत्र मुळात दार ठरलं होतं, तोच पुन्हा बाहेर राहतो. मला यातलं सर्वांत जास्त हेच खुपतं.

साइटींचंही कल्याण झालंय असं नाही. मॉन्स्टरचा भारतातला व्यवसाय २०१८ मध्ये क्वेसनं घेतला आणि २०२२ मध्ये त्याचं नाव 'फाउंडिट' झालं. अमेरिकेतल्या मूळ मॉन्स्टरनं, करिअरबिल्डरबरोबर एकत्र आल्यानंतर, जून २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्रं येतात-जातात. उलटी झालेली क्वेरी मात्र राहिली.

काय करता येईल? दोन साध्या गोष्टी मला सुचतात. पहिली आम्हा आतल्या लोकांसाठी: भरतीची गाळणी लावताना ती कुणाला बाहेर काढते आहे ते एकदा मोजा. गाळलेल्यांतले वीस बायोडेटे उचलून डोळ्यांनी वाचा. तासभराचं काम आहे. दुसरी म्हणजे नकार कळवा. पूर्वी पोस्टानं 'रिग्रेट लेटर' यायचं. चार ओळींचं, सायक्लोस्टाइल केलेलं, कुणालाच न आवडणारं. पण त्यात एक माणुसकी होती: तुमचं पाकीट आम्ही उघडलं, असं ते सांगायचं. आज कागद, टपाल, टंकलेखक कशाचाच खर्च नाही, तरी ते पत्र बंद झालं.

आणि नोकरी शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन, की फोन आला नाही याचा अर्थ 'तुम्हाला वाचून नाकारलं' असा दरवेळी होत नाही. बरेचदा तुम्हाला कुणी वाचलेलंच नसतं. ते वेगळं दुःख आहे खरं, पण त्यात तुमची लायकी कुणी ठरवलेली नाही. तेव्हा त्या साइटवर नाव राहू द्या, शब्दही जुळवा, पण आठवड्यातून एकदा तरी कर्तरी प्रयोग करा: जुन्या सहकाऱ्याला, कॉलेजच्या सीनियरला, दोन वर्षांत न बोललेल्या माणसाला स्वतः फोन लावा. आणि ज्यांना अशी माणसं नाहीत, त्यांच्यासाठी आपणच ती लांबची ओळख व्हायला काय हरकत आहे?

असो. रविवार संपत आला. उद्या सकाळी कुणीतरी कुठेतरी त्या चौकोनात चार शब्द टाइप करेल. निदान तो चौकोन बनवणाऱ्यांनी तरी त्यात न बसणाऱ्यांची आठवण ठेवावी.